दुकानाच्या पाटीवर वाद, गल्ल्यापाशी मौन

बेळगावच्या बाजारपेठेत भाषेचा प्रश्न निघाला की तो दुकानाच्या पाटीवर येऊन थांबतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने कन्नड भाषेच्या सर्वंकष विकासासाठी केलेल्या कायद्यात दुरुस्ती केली आणि व्यापारी पाट्यांवरील ६० टक्के जागा कन्नडला देणे सक्तीचे झाले. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात १८ टक्क्यांहून अधिक लोकांची मातृभाषा मराठी आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे राज्य पुनर्रचनेच्या वेळीच मान्य झालेले सूत्र आहे. ते बाजूला ठेवून पाट्यांची टक्केवारी मोजली जाते, तेव्हा मराठी भाषिकांना चीड येणे स्वाभाविक आहे.

पण पाटीकडे पाहता पाहता पाटीखालच्या दारातून काय निघून चालले आहे, याकडे आपले लक्ष नाही. बाजारातली मराठी पाटीवर कमी आणि गल्ल्यापाशी जास्त नांदत आली. रविवार पेठेतली भुसारी दुकाने घ्या, गणपत गल्ली, खडेबाजार किंवा शहापूरचा बाजार घ्या. दुकानदार मराठी असो, लिंगायत असो वा मारवाडी, त्याला तीन भाषा येतात. गिऱ्हाईक ज्या भाषेत तोंड उघडेल, त्या भाषेत तो माल देतो. खानापूर तालुक्यातून आलेल्या बाईला तो “अक्का, काय देऊ?” असे विचारतो. ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ हे शब्द आपण कन्नडकडूनच घेतले. ‘तूप’ही तिकडचेच. ही देवघेव कोणत्या अध्यादेशाने झाली नाही, ती बाजाराने केली.

आता शहराच्या विस्तारित भागात सुपरमार्केटे आली आहेत आणि महिन्याचा बाजार तिकडे वळतो आहे. तेथे मालक दिसत नाही आणि कोणी काही विचारत नाही. फडताळातला माल स्वतः काढायचा, ढकलगाडीत टाकायचा, यंत्रासमोर ठेवायचा, पैसे द्यायचे. तासाभराच्या खरेदीत गिऱ्हाईकाला एक वाक्यही बोलावे लागत नाही. मराठीवर तेथे कोणी बंदी घातलेली नाही, तिची गरजच उरलेली नाही. बंदीविरुद्ध मोर्चा काढता येतो. गरज संपली तर मोर्चा कोणावर काढायचा?

बोलण्याची जागा पुडीवरच्या छापील मजकुराने घेतली आहे. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार पुडीवरचा आवश्यक तपशील हिंदीत किंवा इंग्रजीत असला की कायद्याचे समाधान होते. जोडीला दुसरी भाषा छापण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही, म्हणून ती सहसा छापली जात नाही. म्हणजे पाटीवर कन्नडची सक्ती आणि आत पुडीवर इंग्रजीचे राज्य. त्यात मराठी जाते तशी कन्नडही जाते. आपले हुलगे ‘हॉर्स ग्रॅम’ होतात, कारळे ‘नायजर सीड’ होतात. रंगासाठी ब्याडगी किती आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किती, हे पुडी सांगत नाही. ते दुकानदार सांगतो. येळ्ळूरकडच्या तांदळात नवा कोणता, जुना कोणता, भाताला कोणता चांगला, हे ज्ञानही बोलीतच साठलेले आहे. बोलणे थांबले की ते शब्दही जातात.

अर्थात सुपरमार्केटकडे लोक उगाच जात नाहीत. तेथे भाव लिहिलेला असतो, माल हातात घेऊन पाहता येतो आणि दहा वस्तू पाहून एकच घेतली तरी कोणी कपाळाला आठी घालत नाही. छोट्या दुकानात वजनाची शंका, जुना माल आणि तुसडे उत्तर यांचा अनुभव पुष्कळांना आहे. मराठी बोलतो म्हणून महाग माल घ्या, असे कोणाही गृहिणीला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मात्र हिशेब पुरा मांडला पाहिजे. शहापूर, वडगाव, खासबाग भागातल्या विणकरांना मागाचे काम मंदावले की गल्लीतले दुकानच उधारीवर तारते. यंत्र उधारीची वही ठेवत नाही. या विणकरांत मराठी आहेत तसे कन्नडही आहेत. दुकान बंद पडले तर दोघांचीही चूल अडचणीत येईल. तेव्हा हा प्रश्न कन्नड विरुद्ध मराठी असा नाहीच.

मग करायचे काय? पहिली गोष्ट व्यापाऱ्यांनी करावी. कायद्याने ६० टक्के जागा घेतली, तरी ४० टक्के उरते. ती अनेक ठिकाणी आपल्याच मराठी दुकानदारांनी इंग्रजीला देऊन टाकली आहे. ती मराठीला द्यायला कोणाची परवानगी हवी? धान्याच्या पोत्यावर भाव आणि जात मराठीत व कन्नडमध्ये लिहायला खडू आणि पाटी पुरते. पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारा डबा आता बहुतेक गल्ल्यांवर आहे. तो मराठीतही बोलू शकतो. वजन चोख ठेवले आणि तोंड गोड ठेवले तर निम्मी लढाई तेथेच जिंकली जाते.

दुसरी गोष्ट ग्राहकांची. सुपरमार्केटात जावे, पण मुकाट्याने जाऊ नये. भावाच्या चिठ्ठ्या मराठीतही लावा, विक्रीला मराठी-कन्नड जाणणारी स्थानिक मुले ठेवा, ही मागणी लेखी करावी. गिऱ्हाईकाची मागणी आली की ते ऐकतात, कारण त्यांना भाषेपेक्षा धंदा प्रिय असतो.

तिसरी गोष्ट भाषेच्या संघटनांची. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर मराठी टिकायची आहे ती रोजच्या व्यवहारात. निकाल आपल्या बाजूने लागला आणि त्या दिवशी बाजारात मराठीत अर्धा किलो हुलगे मागणारे आणि देणारे कोणी उरले नसेल, तर तो निकाल घेऊन आपण काय करणार?