दृष्टी परत येते तेव्हा, आणि येत नाही तेव्हा

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेत भरलेले काँग्रेसचे अधिवेशन जहाल-मवाळांच्या फुटीमुळे इतिहासात गाजले. त्या गदारोळानंतर लोकमान्य टिळकांचे सहकारी श्रीअरविंद येथून बडोद्यास गेले आणि तेथे विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याच्या मार्गदर्शनाखाली काही दिवस एकांतात ध्यानास बसले. सुरतेतील फूट आपण लक्षात ठेवली. पण पुढे श्रीअरविंदांच्या योगमार्गाने एका नेत्रवैद्याचे आयुष्य घडविले, हेही आपल्या व्यवसायबंधूंनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ते नेत्रवैद्य म्हणजे मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. जन्म १९१८ चा, तामिळनाडूतील एका शेतकरी कुटुंबात. घरातील तरुण स्त्रियांचे बाळंतपणात झालेले मृत्यू पाहून त्यांनी प्रसूतितज्ज्ञ होण्याचे ठरविले होते. पण तीव्र संधिवाताने त्यांना अंथरुणास खिळविले, बोटे कायमची वाकडी झाली आणि १९४८ मध्ये सैन्यातील वैद्यकीय सेवा सोडावी लागली. पुढे ते नेत्रवैद्यकाकडे वळले. त्याच वाकड्या बोटांना शस्त्र धरावयास शिकवून त्यांनी आयुष्यभरात एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या. १९७६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ११ खाटांचे रुग्णालय काढले आणि त्यास आपल्या गुरूंचे नाव दिले : अरविंद. २००६ मध्ये ते निवर्तले.

मला येथे विशेष वाटते ते हे, की या माणसाची श्रद्धा देवघरात थांबली नाही. गरिबाचा मोतीबिंदू पैशावाचून पिकत राहू नये, ही त्यांची उपासना होती. म्हणून एक रुग्ण टेबलावर असतानाच शेजारच्या टेबलावर दुसऱ्याची तयारी करण्याची पद्धत त्यांनी बसविली. खेड्यापाड्यांतील मुलींना शिकवून साहाय्यक केले. परदेशी कृत्रिम भिंगे परवडत नाहीत, म्हणून १९९२ मध्ये मदुराईतच भिंगांचा कारखाना सुरू झाला. श्रद्धेचे मोजमाप शस्त्रक्रियांच्या संख्येत करणारा असा भक्त विरळाच. श्रद्धा विज्ञानाच्या आड येते असे म्हणणाऱ्यांनी, आणि विज्ञानाऐवजी श्रद्धा पुढे करणाऱ्यांनीही, हे चरित्र पाहावे.

परंतु प्रत्येक डोळा परत मिळत नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी येत नाही. मधुमेहाने पोखरलेला दृष्टिपटल पुष्कळदा पूर्ववत होत नाही. तेथे आपण सारे एक वाक्य उच्चारतो : 'आता काही करता येणार नाही.' वैद्यकदृष्ट्या ते खरे असेल. पण रुग्णाच्या कानी ते निकालपत्रासारखे पडते. या जागी मला मिरज आठवते.

कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा मुलगा, जन्म १८७२ चा. दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूने त्याचे डोळे भाजले, दृष्टी अधू झाली आणि शिक्षण थांबले. उपचारासाठी मिरजेस नेले असता तेथील डॉ. भडभडे यांनी मुलाचा गळा हेरला आणि त्यास गाणे शिकविण्याचा सल्ला दिला. मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गेला. तोच पुढे गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर झाला, ज्यांनी १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि रामनाम घरोघर नेले. त्यांचे शिष्य पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी आपल्या शेजारच्या भरूचमध्ये संगीतविद्यालय चालविले. मिरजेच्या त्या दवाखान्यात डोळ्यांवरील उपाय जेथे संपला, तेथे डॉक्टरांचा कान उपयोगी पडला.

आपल्यापैकी अनेकांना गाण्याची आवड आहे. गणेशोत्सवात आपण गातो, अभंगांचे कार्यक्रम करतो. दुसऱ्या एखाद्या रविवारी नेत्रशिबिर घेतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नसावा, याची मला खंत वाटते. संगीत हा केवळ थकलेल्या डॉक्टरचा विरंगुळा राहिला, तर त्याचे निम्मे मोल वाया गेले.

'वेळ कोठे आहे?' असे कोणी विचारील. मिरजेतील सल्ल्यास कितीसा वेळ लागला असेल? आणि डॉ. वेंकटस्वामींनी तर दाखवून दिले, की शस्त्रवैद्याचा वेळ नियोजनाने वाचविता येतो. प्रश्न त्या वाचलेल्या वेळाचे काय करावयाचे, हा आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. उधना-लिंबायतमधील यंत्रमाग कामगारांसाठी, हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिरांसाठी आपण शिबिर घेऊ, तेव्हा शेवटी एक टेबल ज्यांची दृष्टी परतणार नाही त्यांच्यासाठी ठेवावे. तेथे अंधांच्या शिक्षणसंस्थांचे आणि गायन-वादन शिकविणाऱ्यांचे पत्ते असावेत आणि एखादा ज्येष्ठ डॉक्टर स्वस्थपणे बसलेला असावा. त्याने विचारावे : 'आपणास काय आवडते? काय करता येते?' प्रत्येकातून पलुसकर निघणार नाहीत, हे उघड आहे. पण 'आता काही करता येणार नाही' हे दवाखान्यातले शेवटचे वाक्य राहणार नाही, आणि एवढे तर खात्रीने आपल्या हाती आहे.