सनदेची कसोटी

अमेरिकेत १५ डिसेंबर हा दिवस ‘हक्कांच्या सनदेचा दिन’ म्हणून पाळला जातो. तेथील राज्यघटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ साली याच तारखेला संमत झाल्या. रीतसर न्यायप्रक्रियेवाचून कोणाचेही स्वातंत्र्य हिरावले जाणार नाही, हे अभिवचन त्यांतच आहे. दीडशे वर्षांनी, १९४१ साली, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हा दिन प्रथम घोषित केला आणि नभोवाणीवरून सनदेचा गौरव केला. पर्ल हार्बरवरील हल्ल्यास तेव्हा आठच दिवस झाले होते.

त्याच अध्यक्षांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजी एक हुकूम काढला. त्याच्या आधारे जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरादारांतून उठवून काटेरी कुंपणाआड डांबण्यात आले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. त्यांच्यावर ना आरोप ठेवला गेला, ना खटला चालला. घराबाहेर काढण्याची ही कृती सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९४४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवली. सरकारने माफी मागितली, भरपाई देऊ केली, ती १९८८ मध्ये. तोवर कित्येकजण मरून गेले होते.

बहुसंख्य भयभीत झालेले असतात आणि संशयित मूठभर असतात, नेमक्या त्या घडीसाठीच सनद असते. त्या घडीला ती मुकी राहिली. हा दिन अवश्य पाळावा. मात्र सनदेच्या कलमांबरोबर मॅन्झनार आणि तुली लेक या छावण्यांची नावेही त्या दिवशी उच्चारली जावीत.