न्हाणी पाय ठेवायला की पाहुण्यांना दाखवायला?

चवथ जवळ आली की गोव्यात घरोघरी रंगरंगोटी निघते. हल्ली तिच्याबरोबर न्हाणीही फोडली जाते. फोडा, हरकत नाही. पण हातात पैसे थोडे असताना आपण खर्चाचा क्रमच उलटा लावतो, ही माझी तक्रार आहे. जे डोळ्यांना दिसते त्यावर पैसा ओततो आणि पाणी जिथे मुरते तिथे काटकसर करतो.

मी कारकून माणूस, आकड्यांतच बोलतो. ५ बाय ७ फुटांची न्हाणी घ्या. जमीन झाली ३५ चौरस फूट. भिंतीला लाद्या ७ फुटांपर्यंत पुरतात. पण 'आता सगळे छतापर्यंत लावतात' म्हणून १० फुटांपर्यंत गेलात, की वरच्या ३ फुटांच्या पट्ट्यातच ७२ चौरस फूट लाद्या जातात. म्हणजे जमिनीच्या दुपटीहून जास्त! तिथे ना पाणी पोचते, ना हात. आणि जमिनीखालचे वॉटरप्रूफिंग? ते म्हणे 'मेस्त बघून घेईल'. आपल्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या. चिरा पाणी पितो. एकदा ओल धरली की पलीकडच्या खोलीचा गिलावा सुटतो.

दुसरे खूळ चकचकीत लादीचे. दुकानदार मोरबीचे नाव घेतो. देशातल्या बहुतेक लाद्या तिथेच बनतात, हे खरे. पण खरखरीत लाद्याही तिथेच बनतात, त्या मागा की! २ बाय ४ फुटांची लादी बैठकीच्या खोलीत शोभते. न्हाणीत मीटरमागे निदान १ सेंटिमीटर उतार हवा, आणि तोही चारी बाजूंनी जाळीकडे. एवढी मोठी लादी वाकणार कशी? ती कापावी लागते, नाहीतर पाणी कोपऱ्यात साचते. फूटभर लादी उताराबरोबर बसते आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकडही मिळते.

हा शोभेचा वाद नाही, मंडळी. घरात सत्तरीची माणसे आहेत. ओल्या गुळगुळीत लादीवर त्यांचा पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले, तर बांबोळीच्या फेऱ्या आणि अंथरूण. तरीही भिंतीत एक स्टीलचा दांडा बसवा म्हटले, की 'घर हॉस्पिटलसारखे दिसेल' हे उत्तर तयार!

नळ घेताना चकाकी पाहू नका, हातात धरून वजन पाहा. पितळेचा जड लागतो. त्याचे सुटे भाग म्हापशाला किंवा मडगावला मिळतात का, तेही विचारा.

गंमत म्हणजे 'न्हाणी' हा शब्द आपण घरातून हाकलला, पण जाळीखालच्या त्या खोलगट भांड्याला देशभरचे प्लंबर आजही 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात. अंदाजपत्रकाची पहिली ओळ त्याची, पाइपांची आणि वॉटरप्रूफिंगची असू द्या. लाद्यांचा रंग शेवटच्या ओळीत. त्यातूनही काही उरले, तर खुशाल छतापर्यंत चढा.