उतारा शेतकऱ्याचा, प्रिंट कोणाच्या हाती?

कर्नाटकातील ‘भूमी’ प्रकल्पाची प्रशंसा होते ती मुख्यतः वेगासाठी. सुमारे ६७ लाख खातेदारांच्या दोन कोटींच्या आसपास नोंदी संगणकावर आल्या आणि तालुका केंद्रावर १५ रुपयांत आरटीसी, म्हणजे सातबाऱ्याचा सख्खा भाऊच, छापून मिळू लागला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने घडविलेल्या या प्रणालीचे मर्म मात्र तिच्या कुलपात होते. बोटाचा ठसा जुळल्याखेरीज कर्मचाऱ्यास नोंदीला हात लावता येत नसे.

लिहिण्याचा अधिकार असा बंदिस्त झाला. पाहण्याच्या अधिकाराचा प्रश्न मागे राहिला. सॉलोमन बेंजामिन व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बेंगळुरू परिसराचा अभ्यास मांडला. एकवटलेल्या जमीन-माहितीचा लाभ लहान शेतकऱ्यापेक्षा बड्या खरेदीदारांना अधिक झाला, असे त्यात म्हटले आहे. या निष्कर्षावर मतभेद असू शकतात. प्रश्न मात्र टाळता येत नाही.

तोच प्रश्न कृषी कार्यालयातील सामायिक संगणकावर रोज उभा असतो. योजनेच्या अर्जासाठी उतारा, पासबुकाची प्रत, मृद आरोग्य पत्रिका छपाईस पाठविली जाते. कागद संपलेला असतो, शेतकरी बसची वेळ पाहून निघून जातो, आणि फाइल प्रिंटरच्या रांगेत पडून राहते. विंडोजमधील मूळ व्यवस्था वस्तुतः शहाणपणाची आहे : छापण्याची मुभा सर्वांना, रांगेतील आपले काम थांबविण्याची वा पुन्हा छापण्याची मुभा पाठविणाऱ्यास, सर्वांच्या कामांवर ताबा केवळ ॲडमिनिस्ट्रेटरला. परंतु अख्खे कार्यालय एकाच लॉगिनवर, तेही ॲडमिनिस्ट्रेटरच्या, चालत असेल तर या भेदाला अर्थ उरत नाही. छापून झालेली कामे जपून ठेवण्याचा पर्याय सुरू असल्यास कालचा उतारा आज कोणीही पुन्हा काढू शकतो. त्या उताऱ्यावर कर्जाचा बोजा असतो. तो ज्याच्या हाती पडला, त्या व्यापाऱ्याशी भाव ठरविताना शेतकरी आधीच अर्धा हरलेला असतो.

‘तीन माणसांचे कार्यालय, येथे कसले अधिकार?’ असा आक्षेप येतो. पण तीन माणसांच्या टेबलाशी दिवसभर तीस माणसे येतात. शिवाय जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई-सेवेतच असा दोष उघड झाला की साध्या लॉगिनवरूनही संगणकाचा पूर्ण ताबा घेता येत होता. मायक्रोसॉफ्टला तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. पुढच्याच महिन्यात प्रिंटरचे ड्रायव्हर बसविण्याचा अधिकारही ॲडमिनिस्ट्रेटरपुरता सीमित करण्यात आला.

प्रत्येक कार्यकर्त्यास स्वतंत्र साधे लॉगिन द्यावे, जपणुकीचा पर्याय बंद ठेवावा, सायंकाळी रांग रिकामी करावी; याला खर्च नाही. डेस्कटॉपवर साचलेल्या पीडीएफ प्रतींनाही हाच नियम लागू व्हावा. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मात्र एकाच व्यक्तीकडे नसावा, दुसरा जबाबदार कर्मचारी नेमलेला असावा. अन्यथा साहेब रजेवर गेले की अडकलेली प्रिंट सुटत नाही, आणि वीस किलोमीटरवरून आलेल्या शेतकऱ्यास ‘उद्या या’ ऐकावे लागते.