दोष हाताचा की यंत्राचा?

यंत्र बिघडले की गरीब कारागीर आधी स्वतःला बोल लावतो. आमच्या घरी तसेच घडले. त्यातून माझे जे मत बनले, ते येथे मांडते.

आमचा धंदा लोहारकीचा. बीड जिल्ह्यातील आमच्या गावातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. तोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणूनच मोजतात. त्या कोयत्यांवर आमचे वर्ष निघते. गेल्या वर्षी आईने बचत गटातून कर्ज काढले आणि आबांनी पट्ट्याचे ग्राइंडर आणले. अर्थातच स्वस्तातले. २ इंच रुंद व ७२ इंच लांब एमरीचा पट्टा मोटारीच्या चाकावरून वरच्या चाकावर जातो आणि गरगर फिरतो. त्यावर कोयत्याचे, सुरीचे पाते घासायचे. कानशीने खांदे मोडून घेण्याचे दिवस संपले, असे आम्हांला वाटले.

पण पट्टा जाग्यावर राहीना. सुरू केला की डावीकडे सरके, लोखंडाला घासे आणि कडेने उसवे. दोन पट्टे तुटले. पट्टा मध्यावर आणण्यासाठी वरच्या चाकाला एक फिरकी असते. ती पिळून पिळून आटे संपले. दुकानदार म्हणाला, "चालवणाऱ्याला जमत नसेल." आबांनी ते खरे मानले! "माझाच हात तिरका पडत असेल," म्हणाले आणि यंत्रावर गोणपाट टाकून पुन्हा कानस हातात घेतली. हप्ता मात्र चालूच होता.

यंत्राबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद होता. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून तो माझ्यापुढे आला. मी शब्दकोश घेऊन बसले. सारांश एवढाच : फिरकी फिरवा. माझी विद्या तेथेच संपली.

तेव्हा मी आबांना सहज विचारले, "पिठाच्या गिरणीचा पट्टा का निसटत नाही?" गिरणीचे पट्टे त्यांनी किती तरी वेळा बसवून दिले आहेत. ते चटकन म्हणाले, "चाकाला मध्ये फुगवटा असतो. पट्टा उंचवट्याकडे चढतो. पण दोन्ही चाकं एका ओळीत पाहिजेत." एवढे बोलून ते थांबले, आणि उठून गोणपाट काढले.

आधी त्यांनी वीज तोडली व चाक हाताने फिरवून पाहिले. नवा पट्टा लावला तरी तो डावीकडेच जाई. पट्ट्याचा सांधा वाकडा असता, तर प्रत्येक फेरीला तो इकडेतिकडे डुलला असता. एकाच बाजूला पळतो, त्याअर्थी खोट यंत्रात. मग चाकांच्या कडांना सरळ पट्टी लावली. चाके सारख्या रुंदीची असल्याने पट्टी दोन्हींना टेकायला हवी होती. मोटारीचे चाक दीड सूत आत निघाले. गुण्या लावल्यावर मोटारीची बैठकही एका पायाला खचलेली दिसली. वरचे चाक ज्या बोल्टवर कलते तो ढिला होता, त्यामुळे पट्टा ताणला की चाक मान टाकी.

चाकाचा स्क्रू सैल करून ते बाहेर ओढले. बैठकीखाली तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सारला. बोल्टला वायसर घालून तो खेळणार नाही, पण कलेल, इतपत आवळला. शेवटी फिरकी मध्यावर आणली आणि पाव फेरा दिला. पट्टा चाकाच्या मध्यभागी आला आणि तेथेच राहिला. खर्च एका वायसरचा. पुढे एकच काळजी : पाते तापून निळे पडले की दिलेले पाणी उतरते, म्हणून जवळ बादली ठेवून ते वारंवार बुडवायचे.

काही मित्र म्हणतात, स्वस्त वस्तू घ्यावीच कशाला? हा प्रश्न ज्यांना परवडतो त्यांनीच विचारावा. महाग यंत्रात कारखान्याने आधीच जुळवणी केलेली असते. स्वस्त यंत्रात ती आपल्यावर सोडलेली असते. हेही एक वेळ चालेल, पण तसे सांगायला नको काय? विकणाऱ्याने चार चित्रे आणि दहा ओळी मराठीत छापल्या असत्या, तर आमचे दोन पट्टे आणि आबांची दोन महिन्यांची उमेद वाचली असती. ग्राहकाला त्याच्या भाषेत यंत्र समजावून देणे हा विक्रीचाच भाग मानला पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्याविषयी. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. तो आपण परीक्षेपुरता वाचतो. घरातला ऐरणीवरचा माणूस मात्र आपल्याला अडाणी वाटतो. मलाही वाटत असे, हे कबूल करते. कागद मी वाचला, पण दोष सापडला तो आबांना. माझ्याकडून झाले ते एवढेच की एक प्रश्न विचारला गेला.

मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या आळीत गोणपाटाखाली झाकलेले एखादे यंत्र नक्की असेल. त्याच्या मालकाला एवढे सांगा, की हाताला दोष देण्याआधी चाकांना पट्टी लावून पाहा.