साखर घराण्यातली, पहाट कोणाची?

‘आमच्या घराण्यातच साखर आहे हो!’ बिबवेवाडीत आम्हा मध्यमवयीन मंडळींच्या गप्पांत हे वाक्य हटकून येते. आजोबांना होती, वडिलांना होती. मग चालून तरी काय होणार, असा त्यामागचा सूर.

विज्ञान मात्र वेगळे सांगते. आई-वडिलांकडून आलेली जनुके व्यायामाने बदलत नाहीत, हे खरे. पण कोणते जनुक किती काम करील, हे बऱ्याच अंशी त्यांवरील रासायनिक खुणांवर ठरते. घरातली वायरिंग तीच, दिवे मात्र कमीजास्त! या शास्त्राला ‘एपिजेनेटिक्स’ म्हणतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने २०१४ साली एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. २३ तरुण-तरुणींनी तीन महिने, आठवड्यातून चारदा, पाऊण तास एकाच पायाचा व्यायाम केला. माणूस तोच, जेवण तेच. तरी व्यायाम झालेल्या पायाच्या स्नायूत सुमारे पाच हजार ठिकाणच्या खुणा बदलल्या.

आता आपल्या पुण्याकडे पाहू. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता-बालकांचा अभ्यास केला. ही बाळे इंग्रज बाळांहून हलकी, पण वजनाच्या मानाने चरबी अधिक! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचाच दाखला दिला. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये.

आईच्या पोटात असतानाच मधुमेहाची पायाभरणी होऊ शकते. गरोदरपणातील मधुमेह बाळाचाही धोका वाढवतो. व्यायामाने बदललेल्या खुणा पुढच्या पिढीत उतरतात, असा माणसांतला पक्का पुरावा अद्याप नाही. परंतु आईची प्रकृती बाळाला भोवते, याबद्दल शंका नाही.

मग प्रश्न उरतो तो पहाटेचा. तळजाईच्या टेकडीवर आम्ही पुरुष हात हलवीत चालत असतो, तेव्हा कितीतरी घरांतली सून गॅसपाशी पोळ्या लाटत असते. वाचकहो, घराण्यातली साखर खरोखर रोखायची असेल, तर तो पाऊण तास तिलाही मिळायला हवा. डबा त्या दिवशी आपण करू.