फ्रेंच मोबाईलवर फुकट आहे, पण कोणाच्या भाषेतून?

अकरावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुले कोण असतात, हे शहरातल्या कोणत्याही नावाजलेल्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन बघावे. मराठीपेक्षा मार्क जास्त पडतात म्हणून फ्रेंच, हा हिशेब ज्यांच्या घरात आठवीपासूनच मांडलेला असतो त्यांचीच ती मुले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलासाठी हा पर्याय फक्त फॉर्मवर छापलेला असतो. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी मागच्या वर्षी एका खाजगी क्लासमध्ये चौकशीला गेली. तिने फी विचारायच्या आधी तिलाच विचारले गेले, "इंग्लिश मीडियम का?" नाही म्हटल्यावर उत्तर आले, "मग जरा जड जाईल." ती परत आली.

यावर आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, क्लास हवा कशाला, सगळे मोबाईलवर फुकट आहे. हे अर्धे खरे आहे.

खरा भाग आधी सांगतो, कारण तो आपल्या मुलांपर्यंत पोहोचलेलाच नाही. टीव्ही सँक मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर ए-वन ते बी-टू या पातळ्यांचे व्हिडिओ आणि सराव विनामूल्य आहेत. फ्रान्सच्या सरकारी आंतरराष्ट्रीय रेडिओचे, आरएफआयचे, सोप्या फ्रेंचमधले दहा मिनिटांचे बातमीपत्र आहे. ऐकताना त्याचा मजकूर समोर ठेवून वाचता येतो. माझ्या मते यासारखे दुसरे साधन नाही, कारण त्यात जगाचे राजकारण कळते आणि कानही तयार होतो. एखादा शब्द खरा कसा उच्चारतात हे फोर्वोवर त्या भाषेच्या माणसांच्याच आवाजात मिळते. शब्द पाठ करायला अँकी आहे, तो अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट आहे. ड्युओलिंगोबद्दल मात्र माझे मत बरे नाही. सवय लावायला ठीक, पण सहा महिने घुबडाला खूश ठेवूनही चार वाक्ये बोलता न येणारी मुले मी पाहिली आहेत.

आता उरलेला भाग. ही साधने बहुतेक वेळा एक तर फ्रेंचमधूनच शिकवतात किंवा इंग्रजीतून. मराठी माध्यमाच्या मुलाला फ्रेंच शिकायला आधी इंग्रजीचा टोलनाका ओलांडावा लागतो. आणि गंमत अशी की फ्रेंचमधल्या ज्या गोष्टी इंग्रजीवाल्याला अवघड जातात, त्या आपल्याला घरातून येतात. निर्जीव वस्तूला लिंग असते हे त्याला समजावायला धडाच्या धडा खर्च होतो. खुर्ची ती आणि पलंग तो, हे आपल्याला कोणी शिकवले होते? (फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही आणि कोणत्या शब्दाचे कोणते लिंग हे पाठच करावे लागते, ते वेगळे.) 'त्यू' आणि 'वू' म्हणजे आपले तू आणि तुम्ही.

याहून पुढची गोष्ट बघा. मुलगा म्हणतो 'मी गेलो', मुलगी म्हणते 'मी गेले'. फ्रेंचमध्येही जाणे-येणे अशा क्रियापदांच्या भूतकाळात असेच होते. 'ज स्वी आले' हे दोघे सारखेच बोलतात, पण मुलगी लिहिताना शेवटी एक जादा 'ई' लावते. आपण 'आंबा खाल्ला' पण 'भाकरी खाल्ली' म्हणतो, क्रियापद कर्माच्या मागे जाते. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आले की लिहिताना हाच प्रकार होतो. हा नियम इंग्रजीतून शिकणाऱ्याला डोंगर वाटतो. मराठीतून कोणी सांगितला तर पाच मिनिटांचे काम आहे. मग जड कोणाला जायला हवे होते?

कोणी विचारेल, आपल्या मुलांना फ्रेंच कशाला? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांनी फारसी घेतली. पुढे कोलंबियात त्यांनी घेतलेल्या विषयांत प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनही आहेत. 1916 च्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात ते जातीच्या ज्या व्याख्या तपासतात त्यात सेनार या फ्रेंच विद्वानाची व्याख्या आहे. सेनारचे जातीवरचे पुस्तक 1896 चे, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर आले 1930 मध्ये. वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचे फ्रेंच भाषांतर 1931 पर्यंत पूर्ण झाले होते. त्यावरून केलेले इंग्रजी भाषांतर यायला 1988 उजाडले. फ्रान्झ फॅनन फ्रेंचमध्येच लिहीत होता. आपल्या इतिहासाबद्दल, बौद्ध धम्माबद्दल आणि आपल्यासारख्या दडपलेल्या माणसांबद्दल या भाषेत खूप लिहिले गेले आहे, आणि आपण ते दुसऱ्याने भाषांतर करून दिले तरच वाचतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर जुनी पुस्तके घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. मार्क, नोकरी, परदेशी शिक्षण हे फायदे आहेतच, पण केवळ तेवढ्यासाठी मी हे लिहीत नाही.

पैशाचेही बोलू. शिकणे फुकट असले तरी डेल्फची परीक्षा फुकट नाही, तिची फी हजारांत जाते. ते प्रमाणपत्र मात्र आयुष्यभर चालते. जयंतीच्या वर्गणीतून एका रात्रीच्या डीजेला आपण जे देतो, त्यात किती मुलांची फी निघेल याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतःच करावा. मी केला, आणि आमच्या मंडळाच्या बैठकीत त्यावरून भांडणही झाले.

आमच्या अभ्यासिकेत सध्या सात जण रोज संध्याकाळी अर्धा तास बसतात. एक मोबाईल, एक स्पीकर आणि आरएफआयचे बातमीपत्र. जिला जड जाईल म्हणाले होते तीच मुलगी व्याकरणाची वही मराठीत लिहिते. 'मी गेलो, मी गेले' हे तिच्या पहिल्या पानावर आहे. वहीची झेरॉक्स कोणालाही मिळेल. अडते ते बोलण्यात, कारण चूक झाली तर दुरुस्त करणारे कोणी नाही. तुमच्यापैकी कोणी बी-वनपर्यंत फ्रेंच केली असेल तर रविवारचे दोन तास आम्हाला हवे आहेत, व्हिडिओ कॉलवर दिले तरी चालतील.